खालची पेटी

आमच्या घरात दुकानातून नवीकोरी आणलेली वस्तू दाखव म्हटलं, तर मी गॅसची शेगडी आणि देवाची तसबीर दाखवेन आणि तिथेच थांबेन. बाकी सगळं कुणीतरी टाकलेलं आणि बाबांनी उचललेलं. बाबा राहनाळला एका गोदामात कामाला आहेत. तिथे माल रचायची लाकडी पॅलेट तुटली की मागच्या बाजूला फेकतात. त्यांच्या फळ्या सोडवून, वाकलेले खिळे दगडावर ठोकून सरळ करून बाबांनी आमची खाट केली, मग माझं अभ्यासाचं टेबल केलं. खिडकी एका पाडलेल्या घराची आहे. ती आमच्या भिंतीतल्या जागेपेक्षा चार बोटं मोठी निघाली, तेव्हा बाबांनी खिडकी कापली नाही, भिंत फोडली. पडदे लूमवरच्या डागी कापडाचे. डाग कुठे आहे ते फक्त आईला माहीत, कारण चुण्या तिने तशा पाडल्यात.

लहानपणी मला याचं काही वाटायचं नाही. वाटायला लागलं ते फार्मसीच्या कॉलेजला गेल्यावर. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. एकदा वर्गातली एक मैत्रीण नोट्स घ्यायला घरी आली. ती खाटेवर बसली, बाजूच्या फळीवर छापलेली इंग्रजी अक्षरं तिने वाचली आणि हसत म्हणाली, "अगं, तू 'हँडल विथ केअर'वर झोपतेस?"

मीही हसले. ती गेल्यावर मात्र आईवर उखडले. आपलं घर आहे की गोदाम, असं काहीतरी बोलले. दिवाळीची साफसफाई तोंडावर होती. या वेळी निदान एक तरी भंगार वस्तू घराबाहेर गेली पाहिजे, असं मी जाहीर करून टाकलं. बाबा जेवत होते. त्यांनी ताटातून वर पाहिलं नाही.

"काय द्यायचा मग?" आईने विचारलं.

"पेट्या," मी म्हणाले. "त्या दोन पेट्यांनी सगळी जागा अडवलीय."

त्या पेट्यांबद्दल आधी सांगायला हवं. बाबा गोदामात जायच्या आधी पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडला की तो उघडून चालू करणारा माणूस. कारखाना बंद पडला, लूम वजनावर भंगारात गेले, तेव्हा हत्यारांच्या दोन लोखंडी पेट्या बाबांनी मागून घेतल्या. दोन्ही सारख्या, हिरव्या रंगाच्या, कडीला कुलूप नाही, नुसती तार. एक पेटी खाटेखाली असायची. तिच्यात बाबांचे पाने, हातोड्या, आडवा धागा नेणारे दोनचार धोटे आणि लूमचे कसले कसले भाग. तिला आम्ही खालची पेटी म्हणायचो. दुसरी पोटमाळ्यावर. तिच्यात घरातले सगळे कागद, आईच्या एका जुन्या ओढणीत बांधलेले. ती वरची पेटी. कागद उंचावर ठेवायचे, हा बाबांचा नियम होता आणि त्याला कारण होतं. आमचं मूळ गाव खारबावच्या बाजूला, खाडीकाठी. एका वर्षी खाडीचं पाणी तिथल्या शाळेत शिरलं आणि शाळेची जुनी रजिस्टरं त्यात गेली. आजोबा त्याच शाळेत दुसरीपर्यंत शिकले होते. त्यांनी शाळा कधीतरी सोडली आणि त्यांना दाखला मिळाला, याचा आता जगात एकच पुरावा उरला होता. तो दाखला स्वतः.

आणि त्या एका कागदावर माझं कॉलेज टांगलेलं होतं. मला राखीव जागेवर तात्पुरता प्रवेश मिळाला होता. जात पडताळणी झाली तर तो कायम होणार, नाही तर जागा जाणार आणि सवलतीची फीही जाणार. पडताळणीला जुना पुरावा लागतो, आणि आमच्याकडे आजोबांच्या दाखल्याशिवाय दुसरा जुना कागद नाही. दाखल्याचं स्कॅन मी अर्जासोबत दिलं होतं. तरी बोलावणं आलं होतं. गुरुवारी मूळ प्रत घेऊन हजर राहा.

तर मी पेट्या म्हणाले, आणि बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "द्यायचीच तर खालची द्या. माझी हत्यारं आता कोण वापरतोय?"

मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहिताना वाटतंय की मी त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहायला हवं होतं.

मंगळवारी सकाळी मी कॉलेजात बोनाफाईड दाखला आणायला गेले. बाबा ड्युटीवर. जाताना मीच गल्लीतल्या भंगारवाल्या चाचांना सांगून गेले की आमच्याकडे पेटी आहे, घेऊन जा. घरी आई एकटीच होती. तिने पोटमाळा पुसायला घेतला होता, म्हणून दोन्ही पेट्या शेजारणीच्या मदतीने दाराबाहेर ओट्यावर एकावर एक ठेवल्या होत्या.

मी दोनच्या सुमारास परत आले. ओट्यावर एकच पेटी होती. मनात म्हटलं, चला, एक तरी गेली. कागदांची पेटी उन्हात नको म्हणून मी कडीला धरून ती आत ओढायला गेले.

पेटी हलली नाही.

मी पुन्हा ओढली. आतून लोखंड लोखंडावर आपटल्याचा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. तार सोडायची गरजच नव्हती, तरी सोडली. वर एक धोटा आडवा पडला होता, त्याखाली पाने.

"आई," मी म्हणाले, "चाचांनी कुठली पेटी नेली?"

"खालची. तुझ्या बाबांनी सांगितला ना, खालची द्या." आई ओल्या हाताने बाहेर आली. तिने पेटीत पाहिलं. मग ती ओट्यावरच बसली. "ही तर हितंच हाय."

"तू पाहिलं नाहीस?"

"मी वर चढलेली स्टुलावर. तिथूनच त्याला सांगितला. दोनदा सांगितला, बाय. त्याने पण दोनदा इचारला." तिचा आवाज बारीक झाला. "मना वाटला बरोबर नेली. दोन्ही सारख्याच तर दिसतात. उरलेली बाबा आल्यावर वर ठेवतील म्हणून मी हात पण न्हाय लावला."

मी बाबांना फोन केला. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते फक्त "येतो" म्हणाले आणि अर्ध्या ड्युटीवर आले. सायकल त्यांनी भिंतीला टेकवली नाही, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चल."

चाचा ज्या दुकानात माल टाकतात ते नाक्याच्या पुढे आहे. पत्र्याची मोठी शेड, एका बाजूला लोखंड, एका बाजूला प्लास्टिक, मागे रद्दी. चाचा आपल्या हातगाडीला टेकून चहा पीत होते. आम्हाला बघून त्यांना वाटलं आणखी काही द्यायचं आहे.

"वो पेटी," बाबा म्हणाले. "गलत गया. उसमें मेरे कागज थे."

चाचांचा चहा तसाच राहिला. "कागज? मगर भाभी ने तो बोला खाली वाली ले जाओ!"

"हां, खाली वाली. मतलब नीचे वाली."

"नीचे वाली?" चाचा माझ्याकडे बघत राहिले. "मैंने पूछा, भाभी, खाली वाली? बोलीं, हां हां, खाली वाली. तो मैंने दोनों उठा के देखी. एक में इतना वजन, उठती नहीं. दूसरी हल्की, हिलाया तो आवाज भी नहीं. मैं समझा यही खाली है. एकदम खाली."

आईने खालची सांगितली होती. त्यांनी रिकामी ऐकली. ओढणीत घट्ट बांधलेले कागद वाजत नाहीत, आणि कागदांना वजन ते किती असणार. मला आईचा राग आला नाही, चाचांचाही आला नाही. आमच्या गल्लीत दिवसभर लोक अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतात आणि कुणाचं काही अडत नाही. त्या एका शब्दावर अडलं.

"पेटी कुठे आहे?" मी विचारलं.

पेटी विकली गेली होती. दुकानात आल्या आल्या एका बाईला आवडली होती. तिला देण्याआधी वजनकाट्यावरच्या माणसाने तार सोडून आतलं गाठोडं मागे रद्दीत फेकलं होतं. त्याने आम्हाला हाताने ढीग दाखवला. ढीग माझ्या डोक्याच्या वर होता. त्याच्या शेजारी रद्दी दाबून गठ्ठे बांधायचं मशीन चालू होतं आणि गेटजवळ टेम्पो लागला होता.

"टेम्पो कब जाएगा?" बाबांनी विचारलं.

"भर गया तो गया," तो माणूस म्हणाला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "क्या मॅडम, प्रेमपत्र था क्या?"

"चुप कर बे," चाचा त्याला म्हणाले, "मशीन बंद कर. लडकी के कॉलेज का कागज है." त्यांनी चहाचा ग्लास जमिनीवर ठेवला आणि आमच्या आधी तेच ढिगात शिरले.

मशीन बंद झालं. आम्ही तिघं उपसत होतो. पुठ्ठ्याचे खोके, शाळेच्या वह्या, लग्नपत्रिका, कुणाची तरी विजेची बिलं. मला प्रत्येक पांढरा कागद आपला वाटत होता आणि प्रत्येक वेळी तो दुसऱ्याचा निघत होता. ऊन पत्र्यावर तापलं होतं. बांधून झालेल्या गठ्ठ्यांकडे मी मुद्दाम पाहत नव्हते. त्यातल्या एखाद्यात असेल तर, हा विचार पूर्ण व्हायच्या आत मी दुसरा खोका ओढत होते.

ओढणी बाबांना सापडली. जांभळी, कडेला टिकल्या असलेली. गाठ तशीच होती. मी खाली बसून ती सोडली. माझी दहावीची गुणपत्रिका, बारावीची, बाबांचा दाखला, रेशनकार्ड, आईचं लसीकरणाचं कार्ड. मी एकेक कागद मांडीवर ठेवत गेले. शेवटचा कागद ठेवला आणि ओढणी झटकली.

"बाबा, आजोबांचा नाहीये."

बाबा उभेच होते. त्यांच्या हाताला काळं लागलं होतं. ते हळू म्हणाले, "त्यात नव्हताच तो. स्कॅन करून आणलास ना, तेव्हा मी झाकणात ठेवला. घडीवर फाटायला लागलेला. सरळ राहावा म्हणून झाकणाला आतून कॅलेंडरचा पुठ्ठा लावला, त्याच्यामागे."

म्हणजे जे शोधत होतो ते रद्दीत नव्हतंच. पेटीबरोबर गेलं होतं.

चाचांना ती बाई माहीत होती. जवळच एका चालू कारखान्याच्या मागच्या खोलीत राहते, नवरा लूम चालवतो, गावाहून येऊन तिला महिनाही झालेला नाही. चाचा पुढे, बाबा मागे, आणि ओढणीचं गाठोडं नि माझी कॉलेजची फाईल कॅरिअरला लावलेली सायकल धरून मी सगळ्यांत मागे. कारखाना जवळ आला तसा लूमचा खडखडाट वाढत गेला. बाबा न पाहता म्हणाले, "एक लूम ठोका चुकवतोय." ते इतक्या सहज म्हणाले की मला त्या घाईतही त्यांच्याकडे पाहावंसं वाटलं.

खोलीच्या दाराशी आमची पेटी उपडी घातली होती. तिच्यावरून पाणी निथळत होतं.

तिने ती घासून धुतली होती. आतूनही.

चाचा लूमच्या वर आवाज चढवून ओरडले, "ए बहू! इस पेटी के ढक्कन में गत्ता था?"

ती बाई दारात आली. माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनीच मोठी असेल. डोक्यावरचा पदर सावरत ती म्हणाली, "था. गीला हो गया तो निकाल दिया."

"फेंक दिया?"

"गत्ता फेंक दिया."

बाबांनी पेटीवर हात टेकला.

"उसके पीछे एक कागज निकला," ती म्हणाली. "वो नहीं फेंका."

"क्यों?" हा प्रश्न मी विचारला. आता वाटतं, काय वेड्यासारखा प्रश्न होता.

"मुझे मराठी पढ़ना नहीं आता," ती जरा लाजून म्हणाली. "मगर उस पर गोल मोहर थी. मोहर वाला कागज किसी का तो होगा ना."

ती आत गेली आणि एक स्टीलची थाळी दोन्ही हातांनी आडवी धरून घेऊन आली. थाळीच्या पाठीवर आजोबांचा दाखला चिकटलेला होता. ओला, पारदर्शक झालेला. तिने तो पापडासारखा सपाट पसरून ठेवला होता. मी हात पुढे केला.

"अरे छूना मत!" ती माझ्यावर ओरडलीच. "अभी गीला है, फट जाएगा. सूखने दो, अपने आप छूटेगा."

तिने थाळी उपड्या पेटीवर, सावलीत ठेवली. ऊन लागलं तर कागद आखडेल म्हणाली. मग आम्ही चौघं त्या थाळीभोवती उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. तिने पाणी दिलं, ते मी प्यायले की नाही आठवत नाही. मी कागदाकडे पाहत होते. गोल शिक्का पाण्याने पसरला होता, त्याचं जांभळं फूल झालं होतं. आजोबांच्या नावातलं शेवटचं अक्षर पुसट झालं होतं. त्याखालची ओळ, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. कधी वाचता येत होती, कधी नाही.

"दिसतंय का गं?" बाबांनी विचारलं.

"ओला आहे म्हणून कळत नाहीये," मी म्हणाले. खरं तर मला भीती वाटत होती की वाळल्यावर कळेल.

एक कोपरा पांढरा होऊन थाळीपासून सुटला. मग दुसरा. बाईने वाकून फुंकर घातली. बाबा गुडघ्यावर बसले आणि हळूहळू, बोट न लावता, वाचायला लागले. ते सातवीपर्यंत शिकलेत, पण हाताने लिहिलेलं जुनं अक्षर त्यांना जड जातं. नाव वाचलं. गाव वाचलं. मग ती ओळ आली. ते थांबले, पुन्हा पाहिलं, आणि जातीचा शब्द त्यांनी पूर्ण, मोठ्याने वाचला. लूमच्या आवाजातही मला ऐकू आला.

पुढे वाचायचं काही कारण नव्हतं, पण ते वाचत राहिले. "शाळा सोडण्याचे कारण," ते म्हणाले आणि त्यांनी कागदाकडे बोट केलं. मी वाकून पाहिलं. तिथे लिहिलं होतं, घरी काम. स्कॅन करताना मी तो कागद सरळ आहे की नाही एवढंच पाहिलं होतं. ती ओळ मी वाचलीच नव्हती.

कागद सुटला. बाईने तो माझ्या बोनाफाईडच्या फाईलमध्ये स्वतःच्या हाताने सरकवला, माझ्या हातात दिला नाही. मग ती पेटीकडे बघून म्हणाली, "पेटी भी आपकी है. ले जाइए."

तिची खोली दारातून दिसत होती. भिंतीकडेला कपड्यांचं एक गाठोडं, एक स्टोव्ह, आणि कोपऱ्यात पेटीच्या मापाची पुसून घेतलेली जागा.

"न्हाय, रहने दो," बाबा म्हणाले. "इतनी साफ तो मेरे पास कभी थीच नहीं." त्यांनी पेटी सरळ केली, झाकण दोनदा उघडून मिटून पाहिलं, आणि कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल घाल म्हणून तिला सांगितलं. निघताना ते कारखान्याच्या दारात क्षणभर थांबले. आतल्या कुणाला तरी हाताने खूण करून त्यांनी कोपऱ्यातला लूम दाखवला. तो माणूस वाकला, आणि थोड्या वेळाने लूमचा ठोका सरळ झाला.

घरी आई ओट्यावरच बसली होती, आम्ही सोडून गेलो तिथेच. मी फाईल तिच्या हातात दिली. तिने उघडली नाही, नुसती छातीशी धरली. "त्याला नीचे वाली म्हणायला पाहिजे होता," ती म्हणाली. "दुपारपासून मी तेच बोलतंय. नीचे वाली, नीचे वाली."

गुरुवारी मी पडताळणी समितीसमोर फाईल घेऊन बसले. समोरच्या साहेबांनी दाखला उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला.

"भिजलाय?"

"हो सर."

"केव्हा?"

मी खरं सांगितलं. खालची, खाली, थाळी, सगळं. इतकं सांगायची गरज नव्हती बहुतेक. शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. त्यांनी स्कॅनच्या प्रतीवरचा शिक्का आणि हा पसरलेला शिक्का शेजारी शेजारी ठेवले, भिंगातून एकेक अक्षर पाहिलं. मग पेन घेऊन प्रतीवर 'मूळ कागद पाहिला' असं लिहिलं आणि सही केली. पडताळणीचं प्रमाणपत्र त्यानंतर काही आठवड्यांनी आलं. माझी जागा राहिली.

खाटेखालची पेटी आता पोटमाळ्यावर आहे. बाबांनी हत्यारं काढून माझ्या टेबलाखाली एका खोक्यात लावली, आणि ती तिथेच राहू देत असं मीच म्हणाले. कागद पुन्हा त्याच जांभळ्या ओढणीत बांधले. दाखला मात्र दोन काचांच्या मध्ये आहे, त्याही एका फुटक्या फोटोफ्रेमच्या. पेटी वर चढवायच्या आधी बाबा थांबले, खोक्यातून सगळ्यात मोठा पाना काढला आणि कागदांशेजारी ठेवला.

"हा कशाला?" आईने विचारलं.

"हलवून बघ," बाबा म्हणाले.

आईने हलवून पाहिली. पेटी खणखणीत वाजली. "हां," ती म्हणाली, "आता ही खाली न्हाय वाटणार कोणाला."

मला त्या पेटीतला एखादा कागद लागला की आता दोन्ही हात लावावे लागतात. आणि पाना वाजला की बाबा खालून विचारतात, "काय गं, काय हवंय?"